स्विफ्ट डिझेलची पॉवर वाढवायचीय: बॉक्स, रिमॅप की मोठा टर्बो?

जुनी स्विफ्ट डीडीआयएस आहे, इंजिन खोलायचं नाहीये, पिस्टन आणि रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) कंपनीचेच ठेवायचेत आणि तरी घाटात जरा दम हवाय, अशांसाठी हे लिहितोय. इंजिन म्हणजे फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट, ७५ पीएस पॉवर आणि १९० एनएम टॉर्क (ओढायची ताकद), आपल्या रांजणगावला पण बनायचं ते.

आधी बॉक्स, म्हणजे वायरिंगमध्ये जोडायचा ट्यूनिंगचा डबा, कारण स्वस्त म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, मी पण केलं. तो रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर मोजणारा) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांच्या मध्ये बसतो आणि ईसीयूला खोटं सांगतो की प्रेशर कमी आहे, मग ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडतो पण डिझेल जास्त पडतं. हवा मात्र वाढतच नाही! म्हणजे जास्तीचं डिझेल नीट जळणार कुठून, काळा धूर आणि एक्झॉस्टची गरमी, आणि डिझेलचे पिस्टन मरतात ते बहुतेक गरमीनेच. माझ्या गाडीचा मागचा बंपर सायलेन्सरच्या बाजूने आठवड्यात काळा झाला. मग आंबोलीला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास पाय दाबला, आरपीएमचा काटा पटकन २८०० ला गेला आणि गाडी आहे तिथेच, वर जळका वास. क्लच प्लेट गेली. बॉक्सचा एकच फायदा, दोन कनेक्टर काढले की गाडी पुन्हा जशीच्या तशी.

रिमॅपमध्ये ईसीयूतली फाइलच, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलतात, त्यामुळे जिथे बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) ईसीयूच्या हातात असतो तिथे डिझेलबरोबर तो पण वाढवता येतो आणि धुराची, टॉर्कची लिमिट शाबूत ठेवता येते. पण इथेच खरी गंमत आहे, फाइल कशी बनवलीय त्यावर सगळं. खालच्या आरपीएमला टॉर्क चढवला की छातीत धक्का बसतो, गिऱ्हाईक खूश, पण रॉडवर आणि क्लचवर सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो. उलट हिशोब करून बघा. ७५ पीएस ४००० आरपीएमला मिळतात म्हणजे तिथे टॉर्क जेमतेम १३२ एनएम उरलेला असतो. तिथेच ९० पीएस हवे असतील तर १५८ एनएम पुरतात, म्हणजे कंपनीने खाली दिलेल्या १९० पेक्षा कमीच की! रॉडला काही नवीन नाही त्यात. म्हणून ट्यूनरला सांगायचं, खाली थोडंच वाढव, २५०० च्या पुढे टॉर्क पडतो तो पडू देऊ नकोस. अर्थात छोट्या टर्बोला वर जास्त पळावं लागतं, तापतो पण, त्यामुळे तासभर एक्सप्रेसवेवर पाय खाली दाबून ठेवणाऱ्याने यातही जपूनच.

मोठा टर्बो किंवा याच इंजिनच्या ९० पीएसवाल्या भावाचा, म्हणजे अर्टिगा-सियाझचा व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्या हलवून एक्झॉस्टचा झोत बदलणारा). ऐकायला भारी, आणि तो खाली लवकर उठतो हे खरंच आहे. पण आपला टर्बो साधा वेस्टगेटचा (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेचा), त्याच्या ईसीयूला व्हीजीटीच्या पात्या हलवायचं ज्ञानच नाही, म्हणजे ईसीयू, वायरिंग, व्हॅक्यूमचं काम, सगळंच आलं. तेवढ्या पैशांत अख्खी अर्टिगा सेकंडहँड बघा, मी तरी तेच करेन.

माझं मत सौम्य रिमॅपला. पण त्याआधी बूस्टचा पाइप हाताने दाबून, वाकवून बघा, चीर असते आणि तेल पाझरलेलं दिसतं, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरलेला असतो. हे दोन्ही नीट केल्यावरच अर्ध्या लोकांची पॉवरची भूक भागते. लाखभर किलोमीटर झालेला क्लच असेल तर रिमॅपच्या बजेटमध्येच नवीन क्लच धरा, नंतर गिअरबॉक्स दोनदा उतरवण्यात मजा नाही. इन्शुरन्सवाल्याला कळवायचं की नाही यावर लोक भांडतात, क्लेमच्या वेळी भांडण्यापेक्षा आधी कळवलेलं बरं. पीयूसीला धूर दिसला तर फाइल चुकलीय, ट्यूनरकडे परत जा.

आणि हो, मूळ फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, गाडी विकताना लागते.