एमपीथ्रीवाला सीडी प्लेअर, वीस वर्षांनी परत वापरून बघितला

परवा माळा साफ करताना जुना सीडी प्लेअर सापडला, साध्या ऑडिओ सीडीबरोबर एमपीथ्री (आकाराने लहान केलेल्या गाण्यांच्या फाइली) भरलेली सीडीही वाजवणारा, दोन नवे पेन्सिल सेल टाकले आणि बया चक्क सुरू झाली! कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण झाकणाची बिजागरी दोन महिन्यांतच तुटली होती आणि सर्व्हिस सेंटरवाला "पार्ट येत नाही मॅडम" म्हणून मोकळा झाला, तो राग अजून गेलेला नाही. तेव्हापासून झाकणाला मेथीच्या जुडीचं रबर लावलंय, आताही तेच.

२००६ ला पुण्यात तपकीर गल्लीतून घासाघीस करून एकोणीसशेला घेतला होता. आयपॉड तोवर येऊन पाच वर्षं झाली होती, पण आमच्या पगारात कुठला बसतोय. पेनड्राइव्हसारखे दिसणारे छोटे प्लेअर मिळायचे १२८ नाहीतर २५६ एमबीचे, म्हणजे तीस-साठ गाणी की खेळ खलास. आणि इकडे कोरी सीडी ७०० एमबीची, १२८ केबीपीएसला (गाण्याच्या एका सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं माप) मिनिटाला साधारण एक एमबी धरा, म्हणजे अकरा-बारा तास गाणी एका चकतीत! साधी ऑडिओ सीडी ८० मिनिटांत संपते. म्हणून सीडी प्लेअरच्या शेवटच्या काही वर्षांत हा प्रकार आमच्यासारख्यांनी घेतला, हौस म्हणून नाही, हिशोब म्हणून.

खरी परीक्षा पुणे-नाशिक एसटीत व्हायची. ऑडिओ सीडी लावली की राजगुरूनगरच्या पुढे खड्ड्यांत गाणं अडखळायचंच, अँटीशॉक (धक्क्यात अडखळू नये म्हणून पुढचं गाणं आधीच मेमरीत भरून ठेवायची सोय) चालू असला तरी. एमपीथ्री मात्र नारायणगावचा चहा येईपर्यंत बिनधास्त. कारण साधं आहे, ऑडिओ सीडीला सेकंदाला जेवढा डेटा लागतो त्याच्या अकराव्या हिश्श्यात १२८ ची एमपीथ्री भागते, म्हणून तेवढ्याच मेमरीत कितीतरी जास्त वेळाचं गाणं आधीच भरून ठेवता येतं. कानाला लावून ऐका, चकती खर्रर्र फिरते, मग गप्प बसते, गाणं चालूच, मग परत खर्रर्र. मोटर अशी मधेमधे आराम करते म्हणून सेलही जास्त टिकतात.

आता तक्रारी. स्क्रीनवर एका वेळी आठ अक्षरं, गाण्याचं नाव सरकत सरकत वाचायचं, देवनागरी तर सोडाच, नुसत्या आडव्या रेघा. फाइली एबीसीडीप्रमाणे वाजणार, म्हणून नावापुढे ०१, ०२ घालत बसायचं. आणि दोन फाइलींच्या मधे बारीकसा खंड पडतो. सिनेमाच्या गाण्यांना काही फरक पडत नाही हो, पण आलाप एका फाइलीत आणि बंदिश दुसऱ्या, मधे गायकाला उचकी लागल्यासारखं, बाबा तर हेडफोन काढूनच ठेवायचे. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण राग एकाच फाइलीत करायचा.

आवाज? आजच्या चांगल्या इयरफोनवर लावून बघितला, ओरिजनल ऑडिओ सीडी अजून मस्त वाजते. सोबत आलेले हेडफोन तेव्हाही भंगार होते.

कुणी जुन्या बाजारातून असला प्लेअर घेणार असाल तर घरून दोन सीड्या घेऊन जा, एक विकतची आणि एक स्वतः बर्न केलेली. लेन्स थकली की विकतची वाजते आणि बर्न केलेलीला "नो डिस्क" म्हणतो, दुकानदार नेमकी विकतचीच लावून दाखवतो. आणि बर्न करताना डिस्क फायनलाइज (म्हणजे शेवटी बंद, नाहीतर प्लेअरला वाचता येत नाही) करायला विसरू नका, माझ्या चार सीड्या त्यापायी कपाखाली गेल्यात.