जुन्या विज्ञानमालिकेतल्या चुका: फ्रेम थांबवून की वही उघडून?

सांगलीत चार जण मिळून जुनी विज्ञानमालिका बघणार असाल, तर आधी ठरवा: दृश्यातली विसंगती शोधायची की कथेतलं भगदाड? दोन्ही एकाच बैठकीत धरायला गेलात तर एकही धड हाती लागत नाही.

विसंगतीला डोळे लागतात. आवाज बंद करा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबत एकेक फ्रेम पुढे सरका. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळमालिकेचा १९६६ चा ‘द एनिमी विदिन’ हा भाग घ्या. यात यानाचा कप्तान कर्क एका बिघाडामुळे दोन माणसांत विभागला जातो, एक चांगला, एक दुष्ट. दुष्ट कर्कच्या चेहऱ्यावरचे ओरखडे मध्येच गाल बदलतात, कारण तो शॉट आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा लागलाय. खात्री करायची तर छातीवरचं बोधचिन्ह बघा. ते घालणाऱ्याच्या डाव्या बाजूला असतं. त्याच्या उजव्या बाजूला दिसलं की फ्रेम उलटी.

भगदाडाला वही लागते. रकाने तीन: कुणाला काय माहीत, हाताशी साधन कोणतं, वेळ किती. त्याच भागात ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना क्षणात यानातून ग्रहावर नेणारं-आणणारं यंत्र, बिघडतो आणि यानावरचा अधिकारी सुलू नि सोबती ग्रहावर गारठतात. मग छोटं यान का नाही पाठवलं? कृष्णेला पूर आलाय, दारात बोट आहे आणि बोटीचं कुणी नावच काढत नाही, असं झालं हे! पण निकाल देण्याआधी प्रसारणक्रम तपासा. ते यान पडद्यावर आलं जानेवारी १९६७ मध्ये, ‘द गॅलिलिओ सेव्हन’मध्ये. आधीच्या भागाच्या वेळी निर्मात्यांनी ते बांधलेलंच नव्हतं.

नवख्यांनी ओरखड्यांपासून सुरुवात करावी, तासाभरात काहीतरी सापडतंच. वहीला मात्र तोच भाग दोनदा बघावा लागतो, आणि आमच्या मते खरा कस तिथेच लागतो.