मोमिनपुऱ्यातलं हिजाबचं दुकान: कॉटन घ्या, जॉर्जेटच्या नादी लागू नका

दुकानाला पाटी नाहीये. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आत शिरून कोणत्याही टेलरला विचारा, हिजाबवाल्या आपा कुठं बसतात ते तो बोट दाखवून सांगतो. जागा एवढुशी आहे की दोन गिऱ्हाइकं आत असली की तिसरीनं पायरीवर उभं राहायचं, आणि गाडी लांबच लावून या, गल्लीत लावाल तर शिव्या खाल.

माल मात्र भरपूर. कॉटन, जर्सी, शिफॉन, जॉर्जेट, आत घालायच्या टोप्या, पिना, मॅग्नेट आणि शिवून तयार असलेले, डोक्यावरून नुसते ओढायचे हिजाब. सीताबर्डीच्या बाजारात पण मिळतं हे सगळं, पण तिथं काउंटरवर पोरं असतात, घालून बघायचं म्हटलं की पंचाईत. इथं आपा पडदा ओढून घेतात आणि स्वतः आरसा धरतात.

कॉटनला पैकीच्या पैकी, नागपूरच्या मे महिन्यात दुसरं काही टिकतच नाही. (तसं उन्हाळ्यात अख्ख्या नागपूरच्या पोरी डोळे सोडून सगळं तोंड बांधून स्कूटीवर फिरतात, सिग्नलला कोण कोणाची ओळखू येत नाही, पण चर्चा फक्त आमच्याच कापडाची होते, असो.) जॉर्जेट दिसायला मस्त पण हेल्मेटमध्ये सरकून पार बोळा होतो. आणि हेल्मेट तर घालावंच लागतं, मोटार वाहन कायद्यातल्या कलम १२९ मध्ये सूट आहे ती पगडी घातलेल्या शिखांना, हिजाबला नाही, आणि मला ती नकोच आहे बापा. त्यापेक्षा आतून जर्सीची टोपी घ्या, पिनेशिवाय बसते, टोचत नाही.

या दुकानाची खरी गंमत म्हणजे मागची एक फळी, तिथं नुसते शाळा-कॉलेजच्या युनिफॉर्मचे रंग आहेत. तुकडा नेऊन दाखवला की आपा गांधीबागेच्या कापड बाजारातून मॅचिंग कापड आणून शिवून देतात. कर्नाटकात कॉलेजांत हिजाबबंदी आली तेव्हा तिथल्या मुली पण हेच तर मागत होत्या, युनिफॉर्मच्याच रंगाचा हिजाब घालू द्या म्हणून, तिथल्या हायकोर्टानं १५ मार्च २०२२ ला तेही नाही म्हटलं आणि हिजाब ही धर्मातली अत्यावश्यक प्रथाच नाही असं सांगितलं. मग ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं दोन दिशेला तोंड, हेमंत गुप्तांनी बंदी योग्य ठरवली, सुधांशू धुलियांनी म्हटलं हा त्या मुलीच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि प्रकरण मोठ्या बेंचकडे पाठवलं. मला धुलियांचं पटतं. धर्मात अत्यावश्यक आहे का नाही हे कोर्टानं ठरवत बसावं कशाला, पोरगी वर्गात बसून शिकून राहिली ना, मग झालं.

आपल्या महाराष्ट्रात मुंबईला चेंबूरच्या कॉलेजच्या हिजाबबंदीचं प्रकरण झालं २०२४ मध्ये. जूनमध्ये मुंबई हायकोर्टानं मुलींची याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं हिजाब, टोपी, बॅजवरच्या बंदीला स्थगिती दिली, टिकली-टिळ्यावर पण बंदी घालणार का असंही विचारलं, पण वर्गात बुरखा नाही हे कायम ठेवलं. आपांना यातलं एकही कलम माहीत नसेल, पण कुठल्या कॉलेजच्या गेटवर काय चालतं हे तोंडपाठ आहे. माझी पोरगी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे नीटची (NEET), तयारी करतेय म्हटल्यावर त्यांनी पिनवाले सगळे बाजूला सारले, कारण धातूचं काही चालत नाही, आणि बिनपिनेचा ओढायचा हिजाब हातात दिला, वर बजावलं की झडतीसाठी लवकर पोचायचं. बरोबरच आहे ते. २०१६ मध्ये केरळ हायकोर्टानं मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला हिजाब घालू दिला होता तो याच अटीवर, की अर्धा तास आधी या आणि बाईमाणसाकडून झडती घेऊ द्या. कोणाचं काही बिघडलं नाही.

आता दुकानाचा पाचातला एक स्टार का कापला ते. सोबत माझी भाची होती, ती हिजाब घालत नाही, घरात कोणी तिला म्हणतही नाही. आपांनी तिला बसवून जे लेक्चर दिलं, आता मोठी झालीस, लाग घालायला, ते मला अजिबात आवडलं नाही आणि मी तिथंच बोलले. फ्रान्सनं २००४ मध्ये सरकारी शाळांतून हिजाब काढायला लावला तेव्हा आपल्याला राग येतो, आणि इराणमध्ये हिजाबवरूनच पकडलेली महसा अमिनी २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना गेली ते विसरायचं का? आपा गप्प झाल्या, मग दोन पिना फुकट दिल्या, पण मत काही बदललं असेल असं वाटत नाही.

बाकी काळ्या आणि मरून रंगाचं कॉटन पहिल्या दोन धुण्यात रंग सोडतं, वेगळं भिजवा. भाव होत नाही, मागू पण नका. युनिफॉर्मचं शिवून घ्यायचं असेल तर जूनच्या आधीच टाका, शाळा सुरू झाल्यावर आठवडा आठवडा थांबवतात. शुक्रवारी दुपारी बंद असतं आणि रमजानमध्ये संध्याकाळनंतर त्या बाजूला जाऊच नका, निदान कपडे घ्यायला तरी.