नोकरीत राहून एसएसबी की राजीनामा देऊन? बीपी काठावर असणाऱ्या इंजिनिअरांसाठी

लष्कराच्या एसएससी टेकचा (इंजिनिअरांसाठीची शॉर्ट सर्व्हिस अधिकारी भरती) अर्ज भरलाय, मार्क बघता एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखतीला, शॉर्टलिस्ट व्हायला हरकत नाही, आणि नेमकं कंपनीच्या वार्षिक तपासणीत बीपी १४० च्या पुढे आलंय. अशा वेळी डोक्यात एकच प्रश्न फिरतो: नोकरी सांभाळून तयारी करायची, की राजीनामा टाकून घरी बसायचं? मी हिंजवडीत प्रॉडक्शन सपोर्टला होतो. २७ ची वयोमर्यादा जवळ आली होती, फार घोळ घालायला वेळ नव्हता, मी राजीनामा दिला. माझा एक मित्र त्याच इमारतीत टेस्टिंगला होता, तो नोकरीतच राहिला. पुढे दोघंही एसएसबीत रेकमेंड झालो, म्हणजे निवडीची शिफारस मिळाली, आणि दोघंही मेडिकलला फिट ठरलो, तेव्हा निकालाकडे बोट दाखवून कुठला रस्ता बरा हे मला सांगता येणार नाही. शिवाय अंतिम निवडीची मेरिट लिस्ट अजून लागायची आहे. हे सगळं धरून वाचा.

प्रादेशिक सेनेकडे (टेरिटोरियल आर्मी, नोकरी-धंदा सांभाळून करायची लष्करी सेवा) बघणाऱ्यांनी मात्र ही तुलना सोडून दिली तरी चालेल. तिथे वय ४२ पर्यंत चालतं, पण स्वतःचं कमाईचं साधन असावंच लागतं. राजीनामा दिलात तर पात्रताच गेली.

आधी नियम. बीपी सातत्याने १४०/९० च्या वर असेल तर उमेदवार अनफिट. पण एका वेळच्या आकड्यावर कुणाला घरी पाठवत नाहीत. आकडा वर आला तर २४ तासांचं अँब्युलेटरी मॉनिटरिंग (दिवसरात्र दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणं) होतं. डॉक्टर दिसल्यावर वाढणारं बीपी कुठलं आणि कायमचं वाढलेलं कुठलं, ते त्यात कळतं. ते नॉर्मल आलं आणि शरीरावर परिणाम झाल्याची खूण नसली, तर कार्डिओलॉजिस्टच्या तपासणीनंतर फिट ठरवता येतं. पहिल्या बोर्डाने अनफिट केलं तरी अपील मेडिकल बोर्ड आहेच, त्याला ४२ दिवसांची मुदत मिळते. त्यामुळे मिलिटरी हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर होणाऱ्या धडधडीची मला पुढे फारशी काळजी वाटेनाशी झाली. काळजी वाटायला लागली ती रात्रीच्या बीपीची. झोपेत ते दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरायला हवं.

नोकरीच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे. पगार आहे, घरचे शांत आहेत. एसएसबीत स्वतःची माहिती भरायच्या पीआयक्यू फॉर्ममध्ये व्यवसायाच्या रकान्यात काहीतरी लिहिता येतं, आणि इंटरव्ह्यूत आयओने (मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने) ‘दिवसभर काय करता?’ विचारलं तर चाचरावं लागत नाही. वेळ मिळत नाही ही तक्रार मला पटत नाही. १० मिनिटं ३० सेकंदांत २.४ किलोमीटर आणि ४० पुशअप्स, एवढ्यासाठी आख्खा दिवस मोकळा कशाला हवा? मित्र पहाटे पाषाणच्या टेकडीवर पळून मग ऑफिसला जायचा आणि माझ्यापेक्षा जोरात पळायचा. वाचन कंपनीच्या बसमध्ये होतं, हिंजवडीच्या ट्रॅफिकची तेवढी तरी कृपा. खाण्यातही दोन्हीकडे बरोबरीच म्हणा. कँटीनमध्ये वडापाव आणि कटिंगवर कटिंग, घरी लोणचं, पापड आणि ‘एवढ्याने काय होतंय’. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं म्हणजे दोन्ही ठिकाणी भांडण.

मग मी सोडली कशाला? फोनमुळे.

आमच्याकडे ऑन-कॉलचा रोटा होता. तुमचा आठवडा लागला की रात्री फोन उशाशी, आवाज पूर्ण, लॅपटॉप चार्जिंगला. अडीचला सर्व्हर पडला की ब्रिज कॉलवर (सगळ्यांच्या एकत्र फोनवर) जायचं आणि परदेशातल्या कुणालातरी दर पंधरा मिनिटांनी ‘अजून बघतोय’ असं सभ्य भाषेत सांगायचं. फोन वाजला ती रात्र एकवेळ परवडायची, कारण काम उरकलं की माणूस आडवा पडतो. न वाजलेल्या रात्री वाईट जायच्या. वाजेल, आता वाजेल, या भरात झोप कधी खाली उतरायचीच नाही. दुसऱ्या कुणाच्या फोनची तीच रिंगटोन बसमध्ये ऐकली तरी छातीत धस्स व्हायचं.

आमच्या डॉक्टरांनी एकदा २४ तासांचं मशीन लावलं ते नेमकं अशाच आठवड्यात. दंडावरचा पट्टा ठरावीक वेळाने आपोआप फुगतो, रात्रीसुद्धा. रिपोर्टमध्ये दिवसाचे आकडे काठावर होते, पण रात्रीची रेघ दिवसाच्या रेघेला धरूनच चालली होती. उतार जवळपास नाहीच. मधे एक सुळका होता. तो किती वाजताचा, हे मी ग्राफ न बघता सांगितलं असतं. रोट्यातून नाव काढा म्हणून मॅनेजरना विनंती केली. ‘पुढच्या क्वार्टरला बघू.’

नोकरी सुटल्यानंतर तेच मशीन पुन्हा लावलं, तर रात्रीची रेघ व्यवस्थित खाली आलेली. डॉक्टर म्हणाले, सगळं श्रेय फोनला देऊ नका, तुमचं वजन उतरलंय, चहा कमी झालाय, पळणं नियमित झालंय. त्यांचं बरोबरच असणार. पण वजन पहिल्या खेपेलाही थोडं उतरलेलं होतं, आणि रात्र तेव्हा उतरली नव्हती. पुढे मिलिटरी हॉस्पिटलमध्ये पहिला आकडा अपेक्षेप्रमाणे वरच आला. २४ तासांचं सरळ निघालं.

मित्राला ऑन-कॉल नव्हता. साडेसहाला लॅपटॉप बंद, विषय संपला. माझ्या मते त्याचं आणि माझं खरं अंतर तेवढंच. तुमची नोकरी तशी असेल तर सोडायची गरज मला तरी दिसत नाही.

घरी बसण्याचे त्रासही कमी नाहीत. पैशाचं सोडा, त्याची तयारी आधी करता येते. ‘मग सध्या काय चाललंय?’ याची करता येत नाही. त्यातून घरात बीपीचं मशीन आलं की सगळेच कंपाउंडर होतात. आई जेवणाआधी ‘आज किती आलं रे?’ विचारायची आणि त्या प्रश्नानेच पाच-सात अंक वाढत असावेत. शेवटी मशीन कपाटात ठेवलं आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच काढायचं ठरवलं. घरी मोजणार असाल तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजा, आणि त्याआधी अर्धा तास चहा नको. जिममुळे दंड जाड झाले असतील तर पट्टा मोठा घ्या, लहान पट्ट्यात आकडा उगाच वर दिसतो.

एक गोष्ट दोन्ही रस्त्यांवर टाळा. तयारीच्या ग्रुपवर ‘मेडिकलच्या सकाळी एक गोळी घे’ असा सल्ला फिरत असतो. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. पंचविशीत बीपी खरोखर वाढलेलं असेल तर किडनी, थायरॉइड असं काही कारण मागे आहे का, हे डॉक्टरांना बघू द्या. कारण तिथे निघालं तर राजीनामा देऊन काय उतरणार? म्हणून आधी २४ तासांचं मशीन, मग एचआरला मेल, हा क्रम मला योग्य वाटतो.

राहता राहिला नोटीस पीरियड. आयटीत तो बऱ्याच ठिकाणी ९० दिवसांचा असतो आणि जॉइनिंग लेटर तेवढं थांबत नाही. मेरिट लागल्यावर राजीनामा देऊ म्हणणाऱ्यांनी बायआउटचे, म्हणजे नोटीसचे उरलेले दिवस भरून सुटायचे, पैसे बाजूला काढून ठेवावेत, मित्र सध्या तेच करतोय. मी शॉर्टलिस्टमध्ये नाव दिसल्यावर लगेच दिला, आणि त्याचा एक फायदा कुणी सांगितला नव्हता: केटी (आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं) सुरू झाली की जाणाऱ्या माणसाला ऑन-कॉलला कुणी ठेवत नाही. पुढच्या क्वार्टरला बघणार होते त्याच मॅनेजरनी दुसऱ्या आठवड्यात माझं नाव रोट्यातून काढलं.