रानफुलाचं नाव फोटोवरून: लेन्स, सीक, प्लांटनेट की आयनॅचरलिस्ट?

नाव लगेच हवंय की खात्रीचं हवंय, एवढं आधी ठरवा. दोन्ही एकदम क्वचितच मिळतं.

लगेच हवं असेल तर बहुतेकांचा हात गूगल लेन्सकडे जातो. बागेतल्या फुलांपुरतं ते ठीक. रानफुलांच्या बाबतीत मात्र ते इंटरनेटवरचे सारखे दिसणारे फोटो पुढे करतं, आणि त्या फोटोंखाली कुणी चुकीचं नाव टाकलं असेल तर तीच चूक आपल्या पदरात पडते. हिंडताना मी त्यापेक्षा सीक हे ॲप उघडतो. खातं काढायला नको, रेंज नसली तरी कॅमेरा रोखला की काम होतं. शिवाय खात्री नसली की ते नाव ठोकून देत नाही, प्रजातीवर (म्हणजे जवळच्या जातींच्या गटावर, इंग्रजीत genus) किंवा त्याहून मोठ्या कुळावर थांबतं. ‘सूर्यफुलाच्या कुळातलं काहीतरी’ या उत्तराने हिरमोड होतो खरा, पण ते प्रामाणिक असतं.

प्लांटनेट निव्वळ वनस्पतींसाठी आहे. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी ते २०१३ मध्ये आणलं. फूल, पान, फळ, खोड यांचे वेगवेगळे फोटो एकत्र देता येतात आणि उत्तरादाखल टक्क्यांसकट यादी येते. पहिल्या नावावर उडी मारू नका. खालची दोन-तीन नावंही उघडून रोपाशी ताडून बघा.

आयनॅचरलिस्टवर लोक दिसलेल्या जिवांचे फोटो नोंदवतात. त्याची सुरुवात २००८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून झाली, सीकही त्यांचंच. इथे संगणक फक्त सुचवतो, पुढे माणसं मतं देतात. दोन-तृतीयांशांहून जास्त मतं जुळली की नोंद पक्की धरली जाते, मात्र तारीख आणि ठिकाण लागतंच. (व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून ही माहिती गळालेली असते, मूळ फोटोच चढवा.) उत्तर तासाभरात येईल, नाहीतर वर्षभर येणारही नाही.

पण ॲप कोणतंही घ्या, खरी गोची फोटोत असते. ओसाडीचे निळसर गोंडे मी हौसेने सहा वेळा टिपले, सगळे वरून. ओसाडीच्या दोन जाती तणासारख्या जगभर पसरल्यात आणि वरून जुळ्या बहिणी दिसतात. फरक गोंड्याखालच्या हिरव्या छदांवर, म्हणजे पानांसारख्या बारीक पाकळ्यांवर: एकीचे जवळजवळ गुळगुळीत, दुसरीचे दाट केसाळ आणि चिकट. माझ्या सहाही फोटोंत छद नाहीत. नोंद अजून प्रजातीवरच लटकलीय.

म्हणून फूल समोरून, बाजूने आणि खालून. पान खोडाला जुळतं ती जागा. आणि अख्खं रोप. एवढं असेल तर मी प्लांटनेटवर अंदाज घेऊन नोंद आयनॅचरलिस्टवर टाकतो. मुलांबरोबर सहज चालायला निघालो असेन तर सीक पुरे. गवतांसाठी यातलं काहीच नको, भिंग घ्या.

आणि खायचं असेल तर कोणतंच ॲप नको. रानगाजर आणि विषारी हेमलॉक दोघांचाही फुलोरा पांढऱ्या छत्रीसारखा. खोड केसाळ आहे की गुळगुळीत नि जांभळ्या डागांचं, हे छत्रीच्या फोटोत येतच नाही.