‘बाय’ की ‘टिल’, ‘सिन्स’ की ‘फॉर’?

मराठीतले ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय दोन निरनिराळी कामे करते. ‘शुक्रवारपर्यंत अहवाल देते’ या वाक्यात शुक्रवार ही मुदत आहे. ‘शुक्रवारपर्यंत नागपुरात आहे’ या वाक्यात मात्र तेच अव्यय चालू स्थितीचे शेवटचे टोक दाखवते. इंग्रजीत मुदतीसाठी ‘बाय’ येते आणि चालू स्थितीसाठी ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. त्यामुळे ‘आय विल सबमिट द रिपोर्ट टिल फ्रायडे’ असे ईमेलमध्ये लिहिले, तर अहवाल सादर करण्याचे काम शुक्रवारपर्यंत चालूच राहणार आहे, असा विचित्र अर्थ निघतो. तेथे ‘बाय फ्रायडे’च हवे.

निवड करताना मूळ मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ हे शब्द घालून पाहावेत. ते बसले तर ‘बाय’ घ्यावे. त्याऐवजी ‘तोवर सलग’ बसत असेल तर ‘टिल’. नकारार्थी वाक्यात अधिक जपावे लागते. ‘शी वोन्ट बी हिअर टिल फ्रायडे’ म्हणजे ती शुक्रवारी येईल, त्याआधी नाही. ‘शी वोन्ट बी हिअर बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडला तरी ती आलेली नसेल. एवढ्याशा शब्दाने समोरच्याचा संपूर्ण बेत फिरतो, म्हणून या जोडीकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे, असे मला मनापासून वाटते.

‘पासून’ची अडचण नोकरीच्या अर्जात हमखास दिसते. ‘मी पाच वर्षांपासून येथे काम करते’ हे मनात घोळत असताना ‘आय अ‍ॅम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे लिहिले जाते आणि त्यात एक सोडून दोन चुका होतात. ‘सिन्स’नंतर आरंभाचा क्षण यावा लागतो, जसे ‘सिन्स २०१९’. मोजलेल्या कालावधीसाठी ‘फॉर फाइव्ह इयर्स’. शिवाय मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो, तरी इंग्रजीत येथे ‘आय हॅव बीन वर्किंग’ किंवा ‘आय हॅव वर्क्ड’ असे म्हणावे लागते. केवळ ‘सिन्स’ बदलून वाक्य सुधारत नाही.

‘फ्रॉम’ला असे काळाचे बंधन नाही. ‘उद्यापासून’साठी ‘फ्रॉम टुमॉरो’ चालते, ‘सिन्स टुमॉरो’ कधीच नाही, कारण ‘सिन्स’ला आधीच होऊन गेलेला आरंभ लागतो.