पॉप फिल्टर: घरी बनवावा की विकत आणावा?

तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि ‘पाऊस’, ‘फळ’, ‘भाकरी’ हे शब्द नेहमीच्या आवाजात म्हणा. हाताला जो वारा लागतो, तोच माइकच्या आतल्या नाजूक पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्प’ असा आवाज उमटतो. प, फ, ब, भ म्हणताना ओठ मिटतात, मागे हवा कोंडते आणि ओठ उघडताच एकदम सुटते. त्यातही फ आणि भ महाप्राण, म्हणजे हवा आणखी जास्त. ‘म’ही ओष्ठ्यच, पण त्याची हवा नाकावाटे जाते, म्हणून तो माइकला त्रास देत नाही. शब्दाच्या आरंभी असे व्यंजन आपल्याकडे पावलोपावली येते, त्यामुळे पॉप फिल्टर, म्हणजे हा हवेचा झोत फोडायला तोंड आणि माइक यांच्यामध्ये लावायची जाळी, मराठी वाचणाऱ्या-गाणाऱ्याला चैन नव्हे.

हा ठोका मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, कारण इतका खर्जातला आवाज त्या स्पीकरला झेपत नाही. हेडफोन लावला की मात्र लगेच कळतो. म्हणून आपले रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकल्याशिवाय ‘मला फिल्टरची गरज नाही’ असे ठरवू नका.

मी घरी कथावाचन रेकॉर्ड करते आणि माझी नणंद त्याच माइकवर अभंग गाते. पहिला फिल्टर मी भरतकामाच्या रिंगचा बनवला आणि दीड वर्ष तोच वापरला. नंतर विकतचाही आणला. दोन्ही वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की आवाजाच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही. विकतच्या फिल्टरमध्ये पैसे मोजायचे ते दांडी आणि शिकंज्यासाठी.

आवाजात फरक का पडत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. आवाजाची लहर जाळीतून सहज पार होते. हवेचा झोत मात्र जाळीच्या बारीक छिद्रांवर फुटतो, त्याचे असंख्य लहान प्रवाह होतात आणि ते पुढच्या मोकळ्या जागेत विरतात. जाळीचे दोन थर असतील आणि मध्ये थोडे अंतर असेल, तर पहिल्या थरातून निसटलेले दुसऱ्यात अडकते. हे काम ज्या कापडाने होते ते बारीक नायलॉन असते, आणि बायकांच्या पारदर्शक लांब मोज्यांत तेच असते. जाळी माइकला चिकटवली तर मात्र विरायला जागाच राहत नाही आणि फिल्टर महागातला असूनही वाया जातो. जाळीपासून माइक ५ ते ८ सेंटिमीटर आणि तोंड जाळीपासून साधारण तितकेच किंवा थोडे जास्त दूर, हे अंतर घरच्यालाही लागू आणि विकतच्यालाही.

घरी बनवायचा तर सहा इंची लाकडी किंवा प्लास्टिकची भरतकामाची रिंग घ्या. मोज्याचा तुकडा आतल्या रिंगवर उशीच्या अभ्र्यासारखा चढवा, म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे दोन थर आपोआप होतात आणि रिंगच्या जाडीएवढे अंतरही मिळते. वरून बाहेरची रिंग बसवून स्क्रू आवळा. मोजा डफासारखा ताणू नका, छिद्रे मोठी होतात आणि झोत सरळ आत जातो. सुरकुती पडणार नाही इतपतच ताण हवा.

कापडाच्या बाबतीत मी दोन चुका केल्या. आधी मच्छरदाणीची जाळी लावली, तिची छिद्रे फार मोठी, ‘प’ तसाच आत शिरला. मग सुती रुमाल दुहेरी करून लावला. ठोका गेला, पण त्याबरोबर आवाजातली चमकही गेली, जणू कोणी शेजारच्या खोलीतून बोलते आहे. कापड पारखायची सोपी रीत म्हणजे ते डोळ्यांसमोर धरायचे: पलीकडचे दिसले पाहिजे. मग त्यावर फुंकर मारून पलीकडे तळहात धरायचा: वारा जेमतेम लागला पाहिजे.

आता दांडीचा प्रश्न, आणि घरचा फिल्टर इथेच रडवतो. बहुतेक जण तारेचा हँगर वाकवून रिंग त्यावर बांधतात. तार हळूहळू खाली येते, आणि तिसऱ्या परिच्छेदाला तुमच्या लक्षात येते की फिल्टर हनुवटीसमोर आहे. मी जुन्या टेबल लॅम्पची लवचीक मान वापरली, बल्बचा भाग काढून टाकला आणि रिंग चिकटपट्टीने बांधली. हे हँगरपेक्षा कितीतरी स्थिर. मोबाइल धरायची लवचीक दांडी घरात पडून असेल तर तीही चालते. पण हे सगळे टेबलावर उभे राहते, माइकच्या स्टँडवर नाही. माइक हलवला की फिल्टर वेगळा हलवायचा, आणि दोन माणसे आळीपाळीने बसणार असतील तर दर वेळी अंतर नव्याने जुळवायचे.

विकतच्या फिल्टरचा शिकंजा थेट स्टँडच्या नळीवर बसतो, हे त्याचे खरे मोल. पण स्वस्तातले सगळेच चांगले नसतात. माझ्या पहिल्या विकतच्या फिल्टरची मान आठवड्याभरात ढिली पडली आणि तो परत करावा लागला. म्हणून घेताना जाळी कमी पाहा आणि मान जास्त: पूर्ण आडवी ताणून धरल्यावर ती तिथेच राहते का? शिकंज्याच्या तोंडाला रबर आहे का? तुमचा स्टँड टेबलावरचा हलका असेल तर फिल्टरच्या वजनाने तो पुढे कलंडतो. तेव्हा तळाला वजन ठेवावे लागेल, किंवा सरळ घरच्या पद्धतीकडेच वळावे.

खर्चाचे गणित साधे आहे. रिंग आणि मोजे मिळून मला दीडशे रुपयांच्या आत पडले. दुहेरी नायलॉनचा साधा फिल्टर मी पाहिला तेव्हा तीनशे ते सहाशेच्या दरम्यान होता. धातूच्या जाळीचे याहून महाग. धातूची जाळी धुता येते, हा गाणाऱ्यांसाठी मोठा फायदा, कारण रोजच्या रियाझात फिल्टरवर थुंकीचे बारीक तुषार बसतात. मात्र घेण्याआधी बोटाने टिचकी मारून पाहा, किणकिणत असेल तर नको. घरच्या फिल्टरचे कापड धुण्यापेक्षा बदललेले बरे, पाच मिनिटांचे काम.

माइकवर चढवायची स्पंजची काळी टोपी या दोघांना पर्याय नाही. ती मोकळ्यावरच्या वाऱ्यासाठी बरी. झोत विरायला तिच्यात जागा थोडी, आणि वरच्या पट्टीतले बारकावे ती थोडे गिळते. शिवाय दमट हवेत काही वर्षांत स्पंजचा भुगा होतो.

एक गैरसमज मात्र दूर ठेवा. ‘स’ आणि ‘श’ची शिट्टी फिल्टरने जात नाही, घरच्याही नाही आणि विकतच्याही नाही. त्यासाठी माइक थोडा तिरका करावा लागतो. किंबहुना फिल्टर नसतानाही माइक ओठांच्या रेषेतून बाजूला घेऊन ३० ते ४५ अंशांत वळवला तर निम्मे ठोके टळतात, कारण झोत सरळ जातो आणि माइक त्याच्या वाटेत नसतो. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ८० हर्ट्‌झच्या खालचे, म्हणजे अगदी खर्जातले, कापता येते, पण ठोका त्याच्या वरही पसरलेला असतो. आणि पडद्यावर इतका जोर पडला की आवाज फाटला, तर तो नंतर दुरुस्त होत नाही.

तुम्ही एकटे, एकाच खुर्चीवर बसून, आठवड्यातून एक-दोनदा वाचन करत असाल तर रिंगचाच बनवा. वाचलेल्या पैशांत चांगले हेडफोन घ्या, त्यांचा उपयोग जास्त होईल. डायनॅमिक माइक (स्टेजवर हातात धरतात तसा, दणकट) असेल आणि त्याला शूर कंपनीच्या एसएम५८ माइकसारखी गोल जाळी असेल, तर बोलण्यापुरते आधी काहीच न लावता ऐकून पाहा, कारण त्या जाळीच्या आत स्पंजचा थर असतोच. पण कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, जास्त नाजूक) असेल, गाणे असेल आणि गाणारा माणूस भावात येऊन पुढे-मागे होत असेल, तर विकतचाच घ्या. तिथे फिल्टर कुंपणाचेही काम करतो: गाणाऱ्याला त्याच्या पलीकडे जाता येत नाही, माइकशी अंतर कायम राहते, आणि फार जवळ गेल्यावर आवाजात जो अकारण भारदस्तपणा येतो तोही येत नाही. शिवाय थुंकीपासून माइकचा पडदा वाचतो.

आमच्याकडे म्हणून दोन्ही आहेत. नणंदेचा विकतचा फिल्टर स्टँडवर कायम बसलेला असतो, आणि माझे कथावाचन अजून लॅम्पच्या मानेवरच्या रिंगमधूनच होते. मोजा आतापर्यंत तीनदा बदलला.